संसार किती जुळले, हे मोजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पुरवणीत वर्षातून दोन-तीनदा तरी एक बातमी हमखास येते. समुपदेशनामुळे अमुक इतके दुभंगलेले संसार पुन्हा जुळले, असा मथळा, खाली छायाचित्र. जोडप्याच्या हातात नारळ, बाईच्या ओटीत साडी, मागे अधिकारी आणि समुपदेशक ओळीने उभे. या बातमीतल्या आकड्याला माझी हरकत आहे, आणि ती का आहे हे जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर कृपया कात्री लावू नका, पाहिजे तर दोन भागांत छापा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात काम केलं. आता निवृत्त आहे. समाजकार्य महाविद्यालयांची मुलंमुली क्षेत्रकार्यासाठी माझ्या हाताखाली येत, आणि निवृत्तीनंतरही त्यांचं येणं-जाणं सुटलेलं नाही. त्यांना काय शिकवलं जातं आणि काय शिकवायचं राहतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

नांदायला परत गेलेली बाई सुखरूप आहे की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. तिच्याकडे नंतर कुणी गेलं का, तिला एकटीला गाठून कुणी विचारलं का, हे बातमीत नसतं. आणि ज्या कामाची मोजदाद अशी होते, त्या कामासाठी माणसंही तशीच घडवली जातात. महिन्याच्या अहवालात ‘समेट’ असा एक रकाना असतो. तो भरलेला दिसला की वरचे खूश. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी पहिल्याच महिन्यात ओळखते, आपल्याकडून काय हवं आहे ते. तिचा करार अकरा महिन्यांचा असतो, तेव्हा तिला तरी काय बोलावं? बोल लावायचा तर तिला तिथे कोरीच पाठवणाऱ्या व्यवस्थेला लावावा लागेल.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदाही असतो. मुलांना कलमं तोंडपाठ असतात: 18 म्हणजे संरक्षण आदेश, 19 निवास, 20 आर्थिक मदत, 21 मुलांचा ताबा, 22 नुकसानभरपाई. पण समोर बाई बसली आहे, नवरा शेजारी आहे, सासू दारात उभी आहे, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघावं, हे त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं.

मग काय होतं? टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या जातात. दोघांना शेजारीशेजारी बसवून सांगितलं जातं, ‘आपापली बाजू मांडा.’ नवरा मांडतो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. शेवटी मुलगी विचारते, ‘ताई, तुमचं काय म्हणणं आहे?’ ती म्हणते, ‘काही नाही. मला नांदायचंय.’ मुलगी लिहून घेते, ‘अर्जदार नांदण्यास तयार.’ घटकाभराने याच माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून तिला घरी जायचं आहे, आणि इथे बोललेल्या एकेका शब्दाचा हिशेब वाटेतच सुरू होणार आहे, हे त्या मुलीच्या लक्षात येत नाही. येणार कसं? वर्गात हा विषय झालेलाच नसतो.

म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांना सुरुवातीला मी फक्त एवढंच करायला लावते, की बाईला एकटीला आत घ्यायचं. सोबत कुणीही आलेलं असो, ते बाहेर. सख्खी आईसुद्धा बाहेर. पाठची बहीण लग्नाची आहे, वडिलांना दम्याचा त्रास आहे, हे ठाऊक असलेली लेक आईसमोर सगळं सांगत नाही. नवरा जागचा हलत नसेल तर त्याला पलीकडच्या खोलीत नाव, पत्ता, व्यवसाय असला कागद भरायला बसवायचं, नाहीतर आधार कार्डाची झेरॉक्स आणायला चौकात धाडायचं. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत जे कळतं ते दोघांच्या समोरासमोरच्या चार बैठकांत कळत नाही.

आणि विचारायचं ते एकेक करून. आमच्या भागात ‘मारतो का?’ म्हटलं तर पुष्कळ बायका ‘नाही’ म्हणतात, कारण दोन-चार चापटा त्यांच्या लेखी मारात धरायच्याच नसतात. अंगावर हात टाकतो का, काय घेऊन मारतो, पोटुशी असताना मारलं का, घरातून रात्री बाहेर काढलं का, पैसे कुणाच्या हातात असतात, नको म्हटल्यावर ऐकतो का. हा शेवटचा प्रश्न तर जवळजवळ सगळेच गाळतात. बिनलग्नाच्या मुलींना तो विचारायची लाज वाटते, मुलग्यांना तर घामच फुटतो. त्यावर उपाय एकच, वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव. एकीने बाई व्हायचं, एकीने समुपदेशक व्हायचं आणि जीभ अडखळायची थांबेपर्यंत ते करत राहायचं. मी हे अंगणवाडीच्या रिकाम्या खोलीत करून घेतलेलं आहे. त्याला निधी लागत नाही.

एका बाईचं सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. अंगावर एकही वळ नाही. नवरा हसतमुख, गावात मान असलेला, ‘मॅडम, मी हिला फुलासारखं जपतो’ म्हणणारा. ती बोलत होती तेव्हा आवाज घोगरा येत होता. माझ्याशेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला वाटलं, सर्दी झाली असेल. मी बाईला विचारलं, ‘घसा कधीपासून बसलाय?’ म्हणाली, परवापासून. घास गिळताना दुखतं का, तर मान हलली. ‘गळा धरला होता का त्याने?’ बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘एकदम सगळं काळं काळं झालं बघा ताई. शुद्ध आली तवा साडी ओली झालती.’

गळा आवळल्यावर शुद्ध जाते, लघवी सुटते, म्हणजे मेंदूला रक्त आणि प्राणवायू पोचायचा थांबलेला असतो. ती बाई काही क्षणांच्या अंतराने वाचलेली असते. बाहेरून खूण पुष्कळदा दिसतच नाही. आवाज बसणं, गिळायला त्रास, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके, आठवणीत मधेच पडलेली फट, एवढ्यावरून ओळखावं लागतं. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, ज्या बाईचा गळा जोडीदाराने आधी कधी आवळलेला आहे, तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पट असतो. त्या दिवशी आम्ही तिला समेटाच्या खुर्चीवर बसवलं नाही. आधी सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपरवर ‘गळा दाबल्याचा इतिहास’ असं स्पष्ट लिहून घेतलं, आणि रात्री ती कुठे झोपणार हे ठरल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही. आज ती भावाच्या गावी आहे. लेकरं शाळेत जातात.

धोका ओळखण्याचं हे शास्त्र काही गुपित नाही. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका असलेल्या संशोधिकेने 1980 च्या दशकातच यासाठी प्रश्नावली तयार केली होती. मारहाण अलीकडे वाढली आहे का, घरात हत्यार आहे का, ‘तुला जित्ती ठेवत नाही’ अशी धमकी देतो का, पाळत ठेवतो का, सतत संशय घेतो का, स्वतः मरायची धमकी देतो का, गरोदरपणात मारलं का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात आहेत. आमच्या घरांतून बंदूक नसते. कोयता असतो, कुऱ्हाड असते, फवारणीचं औषध मोरीच्या कोनाड्यात असतं. तेव्हा ‘घरात काय काय आहे?’ हे आपल्या पद्धतीने विचारायला हवं. आणि तिच्या स्वतःच्या मनात मरायचे विचार येतात का, हेही. 2021 साली देशात 23 हजारांहून जास्त गृहिणींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं काही भरत नाही. उलट, विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून बाई मोकळी होते.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना पटवून देताना मला फार कष्ट पडतात. बाई घर सोडते किंवा सोडणार असल्याचं नवऱ्याला कळतं, तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. त्यामुळे ‘एवढं सोसतेस कशाला, सोडून दे’ हा तावातावाने दिलेला सल्ला तितकाच बिनविचाराचा, जितका ‘जा, सांभाळून घे’ हा. कधी निघायचं, कुणासोबत, काय घेऊन, हे तिला ठरवू द्यायचं आणि त्यात तिच्यासोबत राहायचं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या 2006 च्या नियमांत सुरक्षा योजनेचा एक वेगळा नमुनाच दिलेला आहे, नमुना 5. तो भरलेला मी फार थोड्या फायलींत पाहिला.

त्याच नियमांतला चौदावा नियम तर प्रत्येक समुपदेशन केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवा. त्यानुसार समुपदेशनात पुरुषाला आपल्या हिंसेचं समर्थन करता येत नाही, आणि बैठक सुरू होण्याआधीच त्याला हे बजावायचं असतं. ‘ती उलटून बोलली म्हणून’, ‘जेवण वेळेवर नव्हतं म्हणून’, हे ऐकूनच घ्यायचं नाही. पुन्हा हिंसा होणार नाही याची हमी घेणं, हा त्या बैठकीचा हेतू. प्रत्यक्षात मात्र आमची मुलं दोघांनाही समान उपदेश करतात: त्याने दारू कमी करावी, तिने तोंड आवरावं. हे कायद्यात बसत नाही, आणि माणुसकीतही बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे: आधी ऐका, विश्वास ठेवा, ती सुरक्षित कशी राहील ते पाहा.

कागद कसा लिहायचा, हेही शिकवावं लागतं. घरगुती घटना अहवालात ‘पती नेहमी त्रास देतो व मारहाण करतो’ असं एक वाक्य लिहून खाली अंगठा घेतला, तर दंडाधिकाऱ्यांनी त्यावर कोणता आदेश द्यायचा? तारीख विचारली तर बाईला सांगता येत नाही, म्हणून रकाना कोरा राहतो. पण तिला पोळा आठवतो, धाकट्याचं जावळ आठवतं, ऊस संपवून गावी आल्यानंतरचा पहिला बाजार आठवतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं आणि तिच्यासोबत मागे मागे जायचं. ‘पोळ्याच्या आदल्या रात्री, अंगणात, बैलाच्या कासऱ्याने उजव्या खांद्यावर मारले, चुलत सासू मध्ये पडली,’ एवढं लिहिलं की साक्षीदारही मिळतो आणि तारीखही. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लागावी आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अहवालच मोघम असेल तर त्या अपेक्षेला काय अर्थ?

शिकवलं जातं तेही कधीकधी जुनं असतं. ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुला तिथं हक्क नाही,’ असं सांगून बायकांना अजून परत पाठवतात. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की सून ज्या घरात नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो. 1 जुलै 2024 पासून सासरच्या छळाबद्दलच्या, भारतीय दंड संहितेतल्या 498-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86 आली, तरी नोट्स त्याच फिरताहेत.

आता आमच्या जिल्ह्याचं. इथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. बाई निघून गेली की कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. फडावर मारहाण झाली तर मिटवायला येतो तो मुकादम, आणि त्याला तोड थांबायला नको असते. फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दार नाही, फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. पुस्तकातली सुरक्षा योजना इथे कशी बसवणार? ती आपण बसवायला शिकलो पाहिजे. कागदपत्रांच्या झेरॉक्स निघण्याआधी गावातल्या आशाताईकडे ठेवायच्या. 112 आणि 181 हे आकडे तोंडपाठ करून घ्यायचे. टोळीतल्या दुसऱ्या कुठल्या बाईचा फोन वापरता येईल ते आधीच ठरवायचं. आणि मुख्य म्हणजे तिला सांगायचं की तू आज तात्पुरती जिथं राहतेस तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. 2005 च्या कायद्याच्या कलम 27 मध्ये तशी सोय आहे. ‘गावी आल्यावर बघू’ हे उत्तर मी कितीतरी जणींना मिळालेलं ऐकलं आहे. गावी यायला पाच-सहा महिने असतात.

हे सगळं शिकवण्यासाठी परदेशातून कुणी यायला नको. मुंबईत पोलीस आयुक्तालयाच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छताखाली बसायचं, पण बांधिलकी बाईशी ठेवायची, हे तिथल्या समाजकार्यकर्त्यांनी करून दाखवलं आणि पुढे राज्यभर असे कक्ष निघाले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं, त्यालाही आता पाव शतक झालं. तिथे रुग्णालयातल्याच परिचारिकांना, डॉक्टरांना शिकवून त्यांच्यातून पुढचे प्रशिक्षक तयार केले. एवढं घरचं शहाणपण असताना आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे काय? जिल्ह्याच्या सभागृहात एक दिवस, मागे फ्लेक्स, दीपप्रज्वलन, दोन वकिलांची भाषणं, पुरीभाजी, प्रमाणपत्र. बोलणारा बोलतो, ऐकणारा ऐकतो. एकही मुलगी त्या दिवशी एका बाईशी कसं बोलायचं ते करून बघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या, 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी चारांतल्या एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के, आणि त्याही बहुतेक माहेरच्यांकडे जातात. आमच्या टेबलापर्यंत पोचते ती त्यांतली एखादी. तिने एस.टी.चं भाडं कुठून जमवलं, घरी काय सांगून निघाली, हे तिलाच माहीत. ती पुन्हा येईलच याची खात्री नसते. अशा वेळी तिच्यासमोर शिकाऊ माणूस एकटा बसवणं मला अन्याय वाटतो, तिच्यावरही आणि त्या माणसावरही. शिकवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्या वर्गात बसलेल्यांपैकी काहींच्या स्वतःच्या घरात हेच घडलेलं असतं. सराव करताना एखादी मुलगी अचानक उठून बाहेर जाते. तिच्यामागे जायला कुणीतरी हवं.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर 2005 च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी नेमा. नेमणुकांच्या याद्या निघतील. माझी महिला व बालविकास विभागाला आणि आमच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला विनंती आहे की यादीसोबत शिकवणीही ठरवा. नवीन समुपदेशकाने पहिले दोन महिने अनुभवी समुपदेशकाशेजारी बसूनच काम करावं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी अवघड प्रकरणं एकत्र बसून बोलावीत. क्षेत्रकार्याच्या गुणांत बाईला एकटीला आत घेऊन केलेली मुलाखत आणि नीट लिहिलेला घटना अहवाल धरावा. आणि मासिक नमुन्यातला ‘समेट’चा रकाना काढून तिथे ‘सहा महिन्यांनंतरची गृहभेट’ असा रकाना घालावा.

माझ्यासारख्या निवृत्त समुपदेशक जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ज्यांना मी ओळखते त्या मानधनाशिवाय शिकवायला तयार आहेत. विभागाने बोलवावं, आम्ही एस.टी.ने येऊ. नवी तुकडी जुलैत क्षेत्रकार्याला निघते, त्याआधी बोलावलं तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, जि. बीड
(प्रकरणांतल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)